मान वळवलेला माणूस

माझं काम नक्की काय, हे मी घरच्यांना कधी नीट सांगितलं नाही. पुण्याहून आई फोनवर विचारायची तेव्हा "ग्राफिक्स" म्हणून मोकळा व्हायचो. तिला वाटायचं मी जाहिराती करतो. तिचा तो समज मी राहू दिला, आणि आता वाटतं की ती फार चुकत नव्हती.

काम असं होतं. अमेरिकेत बऱ्याच दाव्यांचा निकाल ज्युरी देते, म्हणजे त्याच गावातली काही साधी माणसं. कुणी शाळेत शिकवतं, कुणी बस चालवतं, कुणी निवृत्त. त्यांच्यासमोर वकील दिवसचे दिवस बोलतात, तज्ज्ञ आकडे वाचतात, आणि ती माणसं जांभया देतात. म्हणून वकील आपला पुरावा चित्रांत मांडून घेतात. नकाशे, काळाच्या पट्ट्या, अपघात कसा झाला त्याच्या छोट्या फिल्म. ही चित्रं करणारी आमची कंपनी सिंगापूरमध्ये पाया लेबारला, एका मॉलच्या शेजारच्या इमारतीत होती. सिंगापूरच्या कोर्टात ज्युरी नसते. फार पूर्वी होती म्हणतात, ती बंद केली. त्यामुळे आमचं काम ज्यांच्यासाठी होतं त्यातलं एकही माणूस आम्ही आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिकडचे वकील संध्याकाळी कागद पाठवून घरी जायचे आणि सकाळी त्यांच्या मेलमध्ये चित्र तयार असायचं. ते झोपतात तेव्हा आमच्याकडे दिवस असतो, एवढंच आमच्या कंपनीचं भांडवल.

मी मूळचा ड्राफ्ट्समन. पुण्याहून आलो तो तुआसला, एका शिपयार्डमध्ये. पाइपांची थ्री-डी मॉडेलं करायचो. हेल्मेट घालून जागेवर जायचं, मोजायचं, येऊन कॉम्प्युटरवर काढायचं. तिथून या कंपनीत आलो कारण त्यांना कारखान्याच्या आतलं कळणारा माणूस हवा होता. एसी ऑफिस, स्वच्छ हात, वर "सीनिअर" असं पद. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

या कामात काही गोष्टी हाताला लागतात. एका पाटीवर एकच गोष्ट सांगायची. लाल रंग अख्ख्या खटल्यात एकदाच वापरायचा, नाहीतर तो मरतो. काळ नेहमी डावीकडून उजवीकडे. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला तर बघणारा त्या माणसाच्या बाजूने बघतो. वरून, छताच्या उंचीवरून ठेवला की तोच बघणारा कारखान्याचा मॅनेजर होतो. एकही आकडा न बदलता हे सगळं करता येतं. आणि माणूस दाखवायचा तो करडा, चेहरा नसलेला. कारण चेहरा काढला की समोरचा वकील हरकत घेतो, की याला मुद्दाम बेफिकीर दाखवलाय, मुद्दाम बिचारा दाखवलाय. म्हणून नाक नाही, डोळे नाहीत, नुसता करडा पुतळा. मला ही पद्धत प्रामाणिक वाटायची. चेहरा गेला की सगळा भाव मानेत आणि खांद्यांत येतो, हे मला पुढे कळलं.

तो दावा एका रासायनिक कारखान्याविरुद्ध होता आणि आमचे वकील कारखान्याचे होते. पाइपांवर इन्सुलेशन गुंडाळणारा एक कंत्राटी कामगार वाफेच्या एका लाइनजवळ गेला. जोड सुटला, उकळतं पाणी अंगावर आलं, तो मागे कोसळला आणि डोकं लोखंडी पायरीवर आपटलं. जगला. पण एक हात कामातून गेला, आणि त्या दिवसाची सकाळ डोक्यातून पुसली गेली. जबानीत त्याला परत परत विचारलं होतं की तू बोर्ड पाहिलास का. प्रत्येक वेळी त्याचं एकच उत्तर: आठवत नाही.

सगळा दावा त्या बोर्डवर आला होता. लाइन गरम आहे, पुढे जाऊ नये, असा बोर्ड वाटेत डाव्या हाताला लावलेला होता. तो तिथे होता याबद्दल वाद नव्हता. कारखाना म्हणत होता, याने बघितला आणि तरी गेला. कामगाराचा वकील म्हणत होता, बोर्ड बाजूला, उंचावर, येणाऱ्या माणसाला दिसण्यासारखा नव्हताच. कॅमेरे दोन होते. पहिल्यात तो शिडीवरून उतरून टाकीमागे जाताना दिसतो. दुसऱ्यात तो टाकीच्या पलीकडे, लाइनपाशी दिसतो. मधले काही सेकंद तो कुणालाच दिसत नाही. आणि बोर्ड होता तो नेमका त्या मधल्या सेकंदांत.

फिल्ममध्ये ते सेकंद दाखवायचे होते. ते दाखवणं अवघड नसतं. माणूस इथे होता आणि मग तिथे होता, एवढं आपण सॉफ्टवेअरला सांगायचं. मधलं चालणं ते स्वतः भरतं. मी भरलं. आमची बॉस माझ्या मागे उभी राहून बघत होती. ती सिंगापूरचीच, आधी वकील होती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि डोक्याने माझ्या चार पावलं पुढे.

"हा फ्रिज चाललाय, लाह," ती इथल्या लकबीत म्हणाली. "कुणीतरी फ्रिज ढकलतंय असं वाटतंय. ज्युरी हसेल."

खरं होतं. मान ताठ, नजर समोर, पाय फक्त हलतायत. सॉफ्टवेअरबरोबर तयार चाली येतात, घाईची, दमल्याची, सहज फिरायला निघाल्याची. मी सहज चाल लावली. त्या चालीत काही पावलांनंतर माणूस जरा डावीकडे बघतो आणि परत समोर. आपण रस्त्याने जाताना दुकानाकडे बघतो तसं. ते पाऊल बोर्डपाशी पडलं. मी ठरवलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगू शकतो, पण फक्त त्या पहिल्या दिवसापुरतं.

आमच्याकडे एक रिवाज होता. मोठं काम बाहेर जायच्या आधी आम्ही इमारतीतलीच माणसं जमवून त्यांची ज्युरी करायचो. जेवण आमचं, अर्धा तास त्यांचा. त्या दिवशी पाच जण होते. पँट्रीत चहा-कॉफीचं बघणारी अँटी, खालचे सिक्युरिटी अंकल, शेजारच्या अकाउंट्स ऑफिसमधल्या दोघी आणि चष्म्याच्या दुकानातला एक जण. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरून चिकन राइसची पुडकी आणली होती, अँटीला व्हेजिटेरियन बी हून, तांदळाच्या शेवया. फिल्म लागली. करडा माणूस शिडीवरून उतरला, टाकीमागे गेला, चालला.

अँटीने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "ही सी ऑलरेडी, व्हॉट! सी ऑलरेडी, स्टिल गो इन."

अंकल म्हणाले, "मेबी ही कॅनॉट रीड."

"रीड व्हॉट? पिक्चर ऑल्सो गॉट!" बोर्डवर वाफेत धरलेल्या हाताचं चित्र होतं, ते तिने बरोबर टिपलं होतं. मग ती अंकलकडे वळली. "सेम लाइक यू. नो स्मोकिंग सी ऑलरेडी, स्टिल स्मोक बिहाइंड द लिफ्ट."

सगळे हसले. अंकलही हसले. मीसुद्धा हसलो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं. पाचही जणांनी बघितलं होतं की त्याने बघितलं. बोर्ड वाचता येतो का, उंच आहे का, याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. तो प्रश्नच संपला होता. आणि त्यांना ज्या गोष्टीने खात्री पटली होती ती कुठल्याही कॅमेऱ्यात नव्हती, कुठल्याही जबानीत नव्हती. ती चालीबरोबर फुकट आली होती.

बॉस माझ्याकडे बघून म्हणाली, "छान जमलंय. जिवंत वाटतो."

तुआसला मी अशी माणसं रोज बघितली होती. हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा, हातात हत्यारांची पिशवी. जमिनीवर होजपाइप पसरलेले असतात, तेल सांडलेलं असतं. ती माणसं पायाखाली बघून चालतात. दुकानाकडे बघितल्यासारखी मान वळवत नाहीत. सगळीच नाहीत, असं नाही म्हणणार मी. पण त्या ऑफिसात हे माहीत असलेला माणूस एकच होता आणि त्यासाठीच तर मला घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बॉसला मेल केली. ती मेल मला पाठ आहे. "मानेची हालचाल किंचित जास्त वाटते. जरा गुळगुळीत करू का?" एवढीच. पुरावा हा शब्द नाही, बोर्ड हा शब्द नाही. तिने उत्तर दिलं, गरज नाही, राहू दे. मला तेच उत्तर हवं होतं, म्हणून प्रश्न तसा विचारला होता. माझा पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, त्या वर्षी नव्याने काढायचा होता आणि तो कंपनीने काढायचा असतो, हे कारण मी मनात धरून होतो. कारण म्हणून ते खोटं नाही. पण त्या दिवशी कुणी माझ्या पासबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पुढे बायकोला हे सांगायची वेळ आली तेव्हा इथपर्यंत मी पहिल्याच दिवशी सांगितलं. पुढचं सांगायला मला आणखी आठवडा लागला.

फिल्म पक्की झाल्यानंतर अमेरिकेतून तज्ज्ञाची सूचना आली. तो इंजिनिअर, त्याने कोर्टात शपथेवर सांगायचं होतं की फिल्म पुराव्याला धरून आहे. त्याचं म्हणणं, एका कॅमेऱ्याचं घड्याळ थोडं मागे होतं, त्यामुळे चालण्याचा वेळ जरा वाढवावा. मी वाढवला. वेळ वाढला तशी पावलं सरकली, आणि मान वळली ती बोर्ड मागे पडल्यावर, एका रिकाम्या खांबाकडे.

मी ते दोनदा चालवून बघितलं. बोर्डपाशी तो सरळ समोर बघत जात होता. कुणी मला विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर होतं: तज्ज्ञाच्या सूचनेने झालं. माझ्या हातून काही न होता प्रश्न सुटला होता.

मग मी आधीची, पसंत पडलेली फिल्म शेजारी लावली. फरक दिसत होता. बॉस विचारेल असं वाटलं. आणि दुसरंही वाटलं, तेही लिहितो: खांबाकडे बघणारा माणूस वाईट दिसत होता. उगाच बघतोय असा. बोर्डकडे बघणारा चांगला दिसत होता. मी हाताने पावलं धरून मागे ओढली आणि मान परत बोर्डपाशी आणली. पाच मिनिटांचं काम. मग खाली जाऊन जेवलो. काय जेवलो तेही आठवतं, मसाला थोसाई, म्हणजे इथला डोसा.

तज्ज्ञाने अंतरं तपासली, वेळ तपासली, शिडीच्या पायऱ्या मोजल्या. सही केली. समोरच्या वकिलालाही फिल्म आधी दाखवतात. त्याने हरकत घेतली ती वाफेच्या आवाजावर. भीतिदायक आहे म्हणाला. आवाज काढला. मान कुणी मोजली नाही.

निकाल कारखान्याच्या बाजूने लागला. तिकडचे वकील निकालानंतर कधीकधी ज्युरीतल्या लोकांशी बोलतात. आमच्या वकिलाची मेल आली, की ज्युरीतल्या एका बाईंनी सांगितलं, त्याने बघितलं हे आम्हा सगळ्यांना दिसलं, त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. बॉसने ती मेल छापून पँट्रीत लावली. माझ्या खांद्यावर थाप मारली. अँटी रोज फडक्याने तो कागद पुसायची, आणि मी चहा घ्यायला जायचा कंटाळा करायला लागलो.

निकालानंतर काही काळ वरच्या कोर्टात जायची मुदत असते. ती मला माहीत होती. मुदत चालू असताना मी रोज ऑफिसला गेलो, रोज घरी आलो. संपली त्या दिवशी मला हलकं वाटलं. या सगळ्यात लाज वाटण्यासारखं काय काय आहे याची यादी करायला मी बसत नाही, पण त्या हलकं वाटण्याची लाज वेगळी आहे.

माझी बायको जुरोंग आयलंडला, रासायनिक कारखान्यांच्या बेटावर काम करते, प्लांटच्या सुरक्षेचं. सकाळी कंपनीची बस, गळ्यात पास, संध्याकाळी परत. तिला माझ्या कामाची माहिती इतरांइतकीच होती. एका रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली.

"मला एक छोटी फिल्म करून दे ना. ट्रेनिंगला हवीय. कामगार चाललाय, बाजूला बोर्ड आहे, एवढंच."

"कंपनी पैसे देत नाही का बाहेर?"

"देते. आणि बाहेरचे लोक हेल्मेट उलटं घालून दाखवतात. तू कर."

मी केली. करडा माणूस काढला, बोर्ड लावला आणि हाताला सवय होती ती चाल लावली. ती चहा घेऊन आली, उभ्याने बघितलं.

"हा मान का वळवतोय?"

"चालतोय ना. माणूस चालताना..."

"कुठला माणूस? अरे, आमचे लोक बोर्डकडे बघत नाहीत, म्हणून तर हे ट्रेनिंग आहे! याने बघितलं तर मग मी शिकवू काय? काढ ते."

मी काढलं. मान सरळ झाली, तो पायाखाली बघत बोर्डजवळून निघून गेला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "दोन मिनिटांचं?"

"हो," मी म्हणालो. आणि लॅपटॉप मिटून टाकला.

आमची मुलगी आतून ओरडली, "बाबा, यू मेकिंग लंच ऑर नॉट?" रविवारी स्वयंपाक माझा असतो. बायकोने तिला खाली फूडकोर्टात जायला सांगितलं. मग माझ्यासमोर बसली. मी बॉसला केलेल्या मेलपर्यंतचं सगळं सांगितलं, निकाल काय लागला तेही. ती मधे एकदाच बोलली: "तो जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग त्याला कळव."

"मुदत संपली."

"कोर्टाची संपली. मी त्याला म्हणतेय."

एका आठवड्याने मी मान परत ओढल्याचं सांगितलं.  ती म्हणाली, "माझ्या बसमध्ये रोज सकाळी माझ्या शेजारी असा एक जण बसतो. इन्सुलेशनवाला. मला गुड मॉर्निंग म्हणतो." उठून ती आंघोळीला गेली. दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं.

कामगाराच्या वकिलाला लिहायचं, पण बॉसला न सांगता नाही, एवढं मी ठरवलं. तिच्या केबिनमध्ये गेलो, दार लावलं, सांगितलं. तिने मधे अडवलं नाही.

"आपण गुप्ततेच्या कशाकशावर सह्या केल्यात माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"मला तू गुळगुळीत करू का असं विचारलंस. खोटं आहे असं म्हणाला नाहीस."

"नाही म्हणालो."

"म्हणाला असतास तर मी काढलं असतं," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघत होतो. ती टेबलाकडे बघत होती. मग ती म्हणाली, "कदाचित. आता ते तुलाही कळणार नाही आणि मलाही नाही."

तिला राग आला होता, पण त्याहून जास्त तिचा अपमान झाला होता. ज्याच्या खांद्यावर थाप मारली त्यानेच असं करावं. तिने सरळ सांगितलं, पत्र पाठवायचं असेल तर राजीनामा आधी, आणि कारखान्याच्या वकिलांना ती स्वतः कळवणार, आजच. ते योग्यच होतं. मी त्याच दुपारी राजीनामा दिला. नोकरी गेली की पासही जातो. आता मी बायकोच्या नोकरीच्या पासवर इथे आहे, तिच्यावर अवलंबून म्हणून. मुलगी मला "डिपेन्डन्ट" म्हणून हाक मारते. बाहेर पडताना पँट्रीत गेलो, अँटीचा निरोप घेतला. ती म्हणाली, "बेटर जॉब, इझ इट?" मी म्हटलं, नाही. तिने मला थ्री-इन-वन कॉफीची चार पाकिटं दिली.

कामगाराच्या वकिलाला मी लिहिलं. कुठली चाल लावली, मान कुठून आली, नवी वेळ घातल्यावर ती कुठे गेली आणि मी ती परत कशी आणली. आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही फिल्ममध्ये नेमकं कुठे बघायचं तेही लिहिलं. माफी मागितली, पण शेवटी आणि एकाच ओळीत. लांब माफी वाचायला लावणं मला बरं वाटेना.

बरेच दिवस काही आलं नाही. मी गृहीत धरलं की वकिलाने पत्र ठेवून दिलं असणार. मग उत्तर आलं, तुटक, कामाचं. कायद्याने यातून आता काही निघेल असं त्याला वाटत नव्हतं, तरी तो बघणार होता. कारखान्याच्या वकिलांनाही त्याने पत्र पाठवलं होतं. मग खाली दुसरा परिच्छेद होता.

त्याने माझं पत्र अशिलाला वाचून दाखवलं होतं. तो लिहितो, की खटला सुरू झाला तेव्हा या माणसाला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. कोर्टात फिल्म पाहिल्यानंतर मात्र त्याला आठवू लागलं. बोर्ड आठवला, त्याचा झगझगीत पिवळा रंग आठवला, त्यावरचा हात आठवला. घरी बायकोला त्याने सांगितलं की चूक माझीच, मी बघितलं आणि तरी गेलो. तेव्हापासून तो तेच म्हणतो. आता पत्र ऐकल्यावर त्याने एक प्रश्न विचारला आहे, आणि तो तुमच्यापर्यंत पोचवायला सांगितलं आहे: म्हणजे मी बोर्ड बघितला नव्हता का?

हे मी जेवणाच्या टेबलावर बसून वाचलं. सकाळची वेळ होती, बायको कामावर, मुलगी शाळेत. मी ते पुन्हा वाचलं. त्यातला पिवळा रंग मला पुढे जाऊ देईना. कारण खरा बोर्ड पिवळा नव्हता. उन्हाने विटून तो कागदासारखा झाला होता, माझ्याकडे त्याचा फोटो होता. फिल्ममध्ये मी कारखान्याच्या नियमपुस्तकातला पिवळा लावला होता, नवाकोरा. बोर्ड पिवळा असतो म्हणून पिवळा. हे मी पहिल्या पत्रात लिहिलंही नव्हतं, कारण त्यात काही वावगं केलंय हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्या माणसाला आठवत होता तो रंग त्याच्या कारखान्यातला नव्हता. माझ्या कॉम्प्युटरवरचा होता.

मला वाटत होतं की माझ्या चुकीने त्याची भरपाई गेली. तेवढी चूक मी इतके दिवस उचलून फिरत होतो, तिचं वजन मला माहीत झालं होतं. त्याच्या घरात, त्याच्या डोक्यात मी एक सकाळ तयार करून ठेवली आहे, हे मला माहीत नव्हतं.

उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. तुम्हाला आठवणारा पिवळा माझा आहे, हे लिहिलं. फोटो जोडला. टाकीमागच्या त्या सेकंदांबद्दल कुणाकडे काही नाही, कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे नाही, हे लिहिलं. मग लिहिलं, की मी स्वतः अशा ठिकाणी सात वर्षं काढली आहेत, कामावरची माणसं पायाखाली बघून चालतात, आणि असा विटलेला, उंचावरचा बोर्ड तुम्ही बघितला नसणार.

संध्याकाळी बायको आली. अजून गळ्यातला पास काढला नव्हता. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने उभ्यानेच वाचलं.

"शेवटचं वाक्य," ती म्हणाली. "हे तुला माहीत आहे?"

"तूच म्हणालीस ना, तुमचे लोक बोर्डकडे बघत नाहीत."

"मी 'लोक' म्हणाले. याच्याबद्दल तुला माहीत आहे का?"

"नाही."

"मग आता त्याची मान दुसरीकडे वळवू नकोस."

"त्याला बरं वाटेल गं."

"वाटेल ना. ज्युरीलाही बरं वाटलं होतं."

ती आत गेली. मी वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं: तुम्ही बघितला की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तुम्हाला आठवत नाही असं तुम्ही जबानीत सांगत होतात, ते खरं होतं. एवढं ठेवून मी पत्र पाठवलं.